मराठवाड्यातील लहान संग्रहालये व आपली जुनी खोली

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी धर्मग्रामाचा इतिहास आम्ही लिहावा, असा महोत्सव समितीचा आग्रह होता. आजवरच्या धर्मगुरूंची नामावली, मंदिराच्या पायाभरणीची तिथी, शाळेची वाढ, हे सर्व इतर लेखकांनी या अंकात उत्तम रीतीने नमूद केले आहे. त्याची पुनरुक्ती करून वाचकांस शिणविणे आम्हांस उचित वाटत नाही. आम्ही येथे एका प्रवासाची हकीकत सांगणार आहो. तिचा आरंभ व शेवट आपल्याच आवारातील एका खोलीत होतो, म्हणून ती या पानांत अस्थानी होणार नाही अशी आशा आहे.

साक्रिस्तीच्या मागची ती कौलारू खोली सर्वांच्या परिचयाची आहे. आरंभीचे मिशनरी धर्मगुरू तीतच राहत, तीतच मिस्सा अर्पण करीत व तीतच शाळा भरवीत. पुढे मंदिर झाले, निवास झाला, आणि खोलीच्या वाट्यास अडगळ आली. महोत्सवानिमित्त बांधावयाच्या सभागृहाच्या नकाशात ही खोली आड येते, यास्तव ती पाडावी व आतील सामान मोडीत काढावे, असा ठराव गतवर्षी झाला. त्या ठरावावर आमचीही सही आहे. ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही.

समितीतील दोघा तरुणांच्या मनात महोत्सवाच्या दिवशी जुन्या छायाचित्रांचे एक छोटेसे प्रदर्शन मांडावे असे आले, आणि वस्तू मांडतात कशा हे पाहण्यासाठी आसपासची संग्रहालये हिंडून यावी असे त्यांनी सुचविले. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या आठवड्यात आम्हांस थोडी उसंत होती. आमचे वृद्ध धर्मशिक्षक, ज्यांस सारा गाव केवळ मास्तर या नावाने ओळखतो, तेही बरोबर निघाले. असे आम्ही चौघे चार दिवस फिरलो.

पहिला दिवस छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, गेला. महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तु संग्रहालय अनेकांनी पाहिले असेल. त्यातील संग्रहाचा मोठा भाग डॉ. शांतीलाल पुरवार यांनी हौसेने जमविलेला. ढाली, तलवारी, चिलखते, जुनी पैठणी, औरंगजेबाच्या हातची म्हणून दाखविण्यात येणारी कुराणाची प्रत, असे पुष्कळ काही तेथे आहे. तेथून सोनेरी महालात गेलो. औरंगजेबाबरोबर दक्षिणेत आलेल्या एका बुंदेल्या सरदाराने तो बांधिला. भिंतींवरील सोन्याच्या मुलाम्याच्या चित्रांवरून त्यास हे नाव पडले असे सांगतात. इमारत देखणी आहे, आणि तिच्या थंड दिवाणखान्यात वैशाखाच्या उन्हातून आलेल्या माणसास इतिहासापेक्षा सावलीचेच मोल अधिक वाटते, हेही कबूल केले पाहिजे. बाहेर पडताना मास्तर म्हणाले, “फादर, राजांचे सर्व पाहिले. यात आपले काय आहे?” आम्ही त्यांस त्या वेळी उत्तर दिले नाही, कारण ते आमच्यापाशी नव्हते.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात गेलो. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना इ. स. १९५८ साली झाली, इ. स. १९९४ मध्ये त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव जोडण्यात आले. तेथील इतिहास विभागाच्या संग्रहालयात भोकरदन येथील उत्खननातून निघालेल्या वस्तू आहेत. जालना जिल्ह्यातील हे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इ. स. १९७३ च्या सुमारास नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून, डॉ. शां. भा. देव व डॉ. रा. श्री. गुप्ते यांच्या देखरेखीखाली, तेथील टेकाड खणून काढिले. सांची व भारहूत येथील स्तूपांवर ज्या दात्यांची नावे कोरलेली आहेत त्यांत भोगवर्धनचे लोकही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या जालना भागातील मंडळींनी इतक्या दूरच्या धर्मस्थानास देणगी पाठविली, आणि ती दगडावर टिकली! आपल्या सभागृहाच्या वर्गणीची यादी कागदावर आहे, हे आम्ही खजिनदारांच्या नजरेस आणून देतो.

याच भोकरदनच्या मातीत हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती सापडली. इटलीत पाँपेई नावाचे नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वताच्या राखेखाली गाडले गेले, हे वाचकांस ठाऊक असेल. त्या राखेतून इ. स. १९३८ साली अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती बाहेर निघाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. दोहोंचे साम्य पाहून पाँपेईची मूर्ती आपल्याच भागात घडली असावी, असे काही विद्वानांचे मत झाले. ते खरे असो वा नसो, संत पेत्र व संत पौल रोमनगरीत रक्तसाक्षी झाले त्यानंतर थोड्याच वर्षांनी गाडल्या गेलेल्या एका घरात हिंदुस्थानातील कारागिराची मूर्ती होती, एवढे तर निश्चित आहे.

पैठणास आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. पैठणची थोरवी वाचकांस नव्याने सांगावयास नको. सातवाहनांची ही राजधानी. टॉलेमीने तिचा उल्लेख राजाच्या वास्तव्याचे नगर म्हणून केला आहे. इ. स. च्या पहिल्या शतकातील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्राच्या जलप्रवासाचे जे वर्णन लिहून ठेविले, त्यात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर अशी दोन मोठी बाजारपेठांची नगरे सांगितली आहेत. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड व तगरहून नाना प्रकारचे सुती कापड गाड्यांवर लादून आडवाटांनी भडोच बंदरास जाई. तोच हा काळ, ज्यात संत पौल तंबू शिवीत गावोगाव सुवार्ता सांगत होता.

येथील शासकीय संग्रहालयास बाळासाहेब पाटील यांचे नाव आहे, आणि ते रास्तच आहे. कारण त्यातील वस्तूंचा मूळ संग्रह या एका गृहस्थाचा. पैठणच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की मातीतून मणी, नाणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडत. लोक ते पायाखाली तुडवीत. पाटील ते वेचीत. मास्तर एका काचेच्या कपाटापुढे बराच वेळ उभे होते. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे पाहून म्हणाले, “असले तुकडे आमच्या शिवारात नांगरटीत निघत. आम्ही पोरे त्यांचा खेळ करीत असू व संध्याकाळी फेकून देत असू.” त्यांच्या स्वरात खेद होता की नवल, हे आम्हांस सांगता येणार नाही.

पैठणास जाऊन नाथांचे स्मरण न करणे अशक्य. गोदेच्या तापलेल्या वाळूत रडणारे महाराचे पोर एकनाथांनी कडेवर घेऊन त्याच्या घरी पोचविले, ही कथा आपल्या कित्येक घरांत आजही सांगितली जाते. आपल्या वडीलधाऱ्यांनी ती ख्रिस्तशिष्य झाल्यावरही टाकिली नाही. त्या वाळवंटाच्या वरच्या अंगास आता जायकवाडीचे धरण आहे. इ. स. १९७६ मध्ये ते पुरे झाले, आणि नाथसागराच्या पाण्याखाली शंभराहून अधिक गावांची जमीन गेली. धरणाने आपल्या शेतांस पाणी दिले, यात संशय नाही. परंतु त्या गावांच्या चावड्या, विहिरी व वस्त्या कशा होत्या हे पाहावयाचे असल्यास आज जावे कोठे, हा प्रश्न आमच्या तरुण सोबत्यांनी विचारला, तेव्हा धरणाच्या भिंतीवरून पाण्याकडे पाहण्यापलीकडे आम्हांस काही सुचले नाही.

चौथ्या दिवशीचा प्रवास लांबचा होता, आणि खरे म्हणजे त्या एका दिवसासाठीच हा लेख लिहीत आहो.

धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. व्यापाऱ्याने सांगितलेले तगर ते हेच. संत गोरा कुंभार याच गावचे. येथील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे जाणकार मानतात. वस्तीच्या भोवती जुन्या मातीची टेकाडे आहेत. आपल्याकडे गावच्या वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात व शेतीच्या जमिनीस काळी. तेरची पांढरी शतकानुशतके घरे पडून, राख साचून, पुन्हा घरे उठून उंच झालेली. या मातीत खताचा कस असतो, म्हणून शेतकरी ती खणून शेतात नेत. आणि त्या खणण्यात सातवाहनांच्या काळची खापरे, दिवे, मण्यांच्या माळा, मातीच्या बाहुल्या वर येत.

रामलिंगप्पा लामतुरे हे याच गावचे गृहस्थ. त्यांस कोणी ही कामगिरी सोपविली नव्हती. मातीत काही सापडले की ते मागून घेत, प्रसंगी पदरचे पैसे मोजीत, आणि घरी आणून ठेवीत. असे करता करता घराचेच संग्रहालय झाले. बा. ना. चापेकर यांनी इ. स. १९५८ साली तेर येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. परंतु कुदळ-फावड्याने विद्वान येण्याच्या कितीतरी आधी लामतुरे यांच्या घरी तगर नगर गोळा होत होते. पुढे हा सर्व संग्रह शासनाच्या हवाली झाला व त्यांच्याच नावाने शासकीय संग्रहालय उभे राहिले. त्यात २३ हजारांहून अधिक वस्तू आहेत. पाँपेईच्या मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती मूर्ती तेरलाही मिळाली. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट येथे जपून ठेविली आहे. लाकूड इतकी शतके टिकणे आपल्या वाळवीच्या देशात आश्चर्यच.

मातीच्या भांड्यांपुढे आलो तेव्हा गोरोबाकाकांची आठवण झाली. संतमंडळींच्या मस्तकांवर थापटणे मारून कोणते मडके कच्चे हे त्यांनी ओळखिले, ती कथा प्रसिद्धच आहे. आमचे मस्तक त्यांच्या थापटण्याखाली आले असते तर काय निकाल लागला असता, याचा विचार आम्ही फार वेळ केला नाही.

तेरला आणखी एक क्षुल्लक वाटणारी वस्तू मिळाली आहे. रोमन नाण्यांच्या छापाची मातीत केलेली लहान पदके. खरे नाणे ज्यास परवडत नसे तो बहुधा त्याची मातीची नक्कल गळ्यात बांधी. प्रभु येशूने कर देण्याविषयीच्या प्रश्नावर एक नाणे मागवून त्यावरील मुद्रा कोणाची असे विचारिले. ते नाणे तिबेरियस कैसराचे असावे असे शास्त्रवेत्ते सामान्यतः मानतात, आणि त्याच कैसराची चांदीची नाणी दक्षिण हिंदुस्थानात विपुल सापडली आहेत. आम्ही हे मास्तरांस सांगितले. ते हसून म्हणाले, “मग फादर, आपले येथे आहे म्हणावयाचे. ज्याच्याजवळ नाणे नव्हते, त्याचे मातीचे.” पहिल्या दिवशीच्या त्यांच्या प्रश्नास त्यांनीच असे उत्तर दिले.

परतीच्या वाटेत तरुणांनी विचारिले, आपल्या ख्रिस्तसभेची अशी संग्रहालये आहेत काय? आहेत. गोव्यात राशोलच्या गुरुविद्यालयात इ. स. १९९४ मध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उघडले, इ. स. २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात गेले. पण राशोलचे नाव निघाले की मराठी ख्रिस्ती माणसास निराळीच आठवण होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण तेथेच इ. स. १६१६ साली छापिले गेले. पुढे इ. स. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तीन आवृत्त्यांतील एकही छापील प्रत आज जगात उपलब्ध नाही. ज्या ग्रंथाने मराठीचे गुणगान केले, जो गावोगाव मंदिरांतून मोठ्याने वाचिला जात होता, त्याची एक प्रत कोणाच्या पेटीत राहू नये! इ. स. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढिले, हे एक कारण खरे. वाळवी व दमट हवा हे दुसरे. ग्रंथ वाचला तो भाविकांनी हाताने उतरून घेतलेल्या वह्यांमुळे. त्या वह्यांवरूनच इ. स. १९०७ मध्ये मंगळूर येथे सालढाणा यांनी तो पुन्हा छापिला.

हे सांगत असता आमची जीभ अडखळली, आणि त्याचे कारण सोबत्यांस सांगावे लागले. ते वाचकांसही सांगतो. गुरुदीक्षा होऊन थोडीच वर्षे झाली असता एका दुसऱ्या धर्मग्रामात आमची नेमणूक होती. तेथील माळ्यावर एक लोखंडी पेटी होती. तीत जुन्या धर्मशिक्षकाच्या वह्या होत्या. एक उघडून पाहिली. ती मोडी लिपीत. आम्हांस मोडी येत नाही. झाडलोटीचा दिवस होता, भंगारवाला दारात उभा होता, आणि आम्ही पेटीसकट वह्या वजनावर देऊन टाकिल्या. काही वर्षांनी त्या गावची एक वृद्धा भेटली. तिच्या लहानपणी उपवासकाळात ते धर्मशिक्षक प्रभूच्या दुःखसहनाचे कीर्तन स्वतः रचून करीत व सारी वस्ती रात्रभर ऐके, असे ती म्हणाली. त्या वह्या आपल्यापाशी आहेत का, असेही तिने विचारिले. आम्ही काय उत्तर दिले ते येथे लिहीत नाही.

वास्तविक असे करण्याची मुभा धर्मसभेने आम्हांस कधीच दिली नव्हती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने इ. स. १५६३ मध्येच विवाहांची नोंद ठेवण्याची आज्ञा केली, इ. स. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने धर्मगुरूने कोणकोणत्या वह्या ठेवाव्या हे सांगितले, इ. स. १९८३ च्या धर्मसंहितेत जुन्या वह्याही काळजीपूर्वक जतन कराव्या असे स्पष्ट कलम आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या कारकिर्दीत रोमच्या सांस्कृतिक ठेव्यासंबंधीच्या आयोगाने इ. स. १९९७ मध्ये दप्तरांविषयी व इ. स. २००१ मध्ये धर्मसंस्थांच्या संग्रहालयांविषयी पत्रके काढिली. गुरुविद्यालयात आम्ही कलमे पाठ केली होती. पेटी विकताना ती आठवली नाहीत, इतकेच.

तेरहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही चौघांनी जुनी खोली उघडिली. पहिल्याच फळीवर स्नानसंस्काराच्या नोंदवह्या होत्या. फ्रान्सजवळील सॅव्हॉय प्रांतातील ॲनसी येथे स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस दि सेल्सच्या संघाचे धर्मगुरू इ. स. १८४६ मध्ये विशाखापट्टणम येथे उतरले, इ. स. १८८७ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत झाला. आणि त्या शतकाच्या अखेरीस या संघाचे मिशनरी निजामाच्या मुलखात, घोगरगावादी गावांत, येऊन राहिले. आपला औरंगाबाद धर्मप्रांत पुष्कळ पुढे, इ. स. १९७७ मध्ये, निर्माण झाला. त्या काळी निजामाचे सरकारी दप्तर उर्दूत असे. आणि या खोलीतील वह्या लॅटिनमध्ये आहेत. गावांची नावे फ्रेंच वळणाने लिहिलेली, त्यामुळे काही गावे ओळखावयास आम्हांस मास्तरांची मदत घ्यावी लागली.

प्रत्येक ओळीत बालकाचे नाव, पित्याचे नाव, मातेचे नाव, धर्ममातापित्यांची नावे, दिवस व धर्मगुरूची सही. वाचता वाचता मास्तर एका ओळीवर थांबले. ती त्यांच्या आज्याची होती. आपले पूर्वज बहुतेक गावकुसाबाहेर राहणारे. पांढरीत त्यांस घर नव्हते व काळीत शेत क्वचितच. सरकारी दप्तरात नाव यावयाचे ते वेठीच्या किंवा बलुत्याच्या संबंधात, तेही आईचे नाव सोडून. येथे एका परदेशी धर्मगुरूने, शाईचा एक ठिपकाही न पाडता, त्या स्त्रीचे नाव लिहून ठेविले होते. मास्तरांनी पणजीचे नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचिले. घरात ते कोणास ठाऊक नव्हते.

खोलीत याशिवाय काय आहे? एक घोड्याचे खोगीर, ज्यावर बसून धर्मगुरू गावे फिरत. मृतांच्या मिस्सेची काळी वस्त्रे, उंदरांनी कुरतडलेली. भजनीमंडळाचा मृदंग, एका बाजूस फुटलेला. इ. स. १९७२ च्या दुष्काळात मिशनने विहिरीचे काम काढिले होते, त्याची हजेरीपत्रके. सह्यांच्या जागी अंगठ्यांचे ठसे. आपल्यापैकी कित्येकांच्या आईबापांचे ठसे त्यांत आहेत. पुण्यास दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे व घरोघरची भांडी जमवून केवढे संग्रहालय उभे केले! त्या मानाने आपली अडगळ थोडी आहे. पण ती दुसऱ्या कोणापाशी नाही.

समितीची बैठक पुन्हा झाली. चर्चा बरीच तापली. सभागृहास उशीर होईल व खर्च वाढेल, अशी तक्रार काहींनी केली, आणि ती चुकीची नव्हती. लग्नसराईत मांडवाचे भाडे भरणाऱ्या गरीब घरांस सभागृहाची निकड आमच्यापेक्षा अधिक कळते. शेवटी नकाशा पूर्वेस सरकवून खोली राखावी असे ठरले. स्वयंपाकघर त्यामुळे लहान होईल. ज्या भगिनींस तेथे महोत्सवाच्या जेवणाच्या दिवशी दाटीवाटीने उभे राहावे लागेल, त्यांची आम्ही आगाऊ क्षमा मागतो. नोंदवह्यांच्या पानांची छायाचित्रे घेण्याचे काम त्या दोघा तरुणांनी पत्करिले असून निम्मे झाले आहे. खोलीची किल्ली मास्तरांकडे आहे.

ज्यांच्या घरी जुनी पत्रे, छायाचित्रे, भजनांच्या वह्या, जपमाळा असतील त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर त्या मास्तरांस दाखवाव्या. वस्तू ठेवून जाण्याची आवश्यकता नाही. नोंद करून, छायाचित्र घेऊन ती त्याच वेळी परत दिली जाईल. मोडीतील कागद असल्यास अवश्य आणावे. मोडी जाणणारे एक गृहस्थ शहरात आहेत व त्यांनी वाचून देण्याचे कबूल केले आहे.

पहिली वस्तू गेल्या रविवारी आली. वस्तीवरील एका आजीने पदराखालून एक लाकडी खुंटा काढून टेबलावर ठेविला. जात्याचा. जाते घरात जागा नाही म्हणून गेले, ती म्हणाली. पण तिच्या सासूने या खुंट्यास धरून दळता दळता मारियाबाईच्या ओव्या तिला शिकविल्या होत्या, म्हणून खुंटा तिने उशाशी ठेविला होता. ओव्या आठवतात का, असे विचारता तिने चार म्हणून दाखविल्या. पाचवी अर्धीच आठवली. मास्तरांनी नव्या वहीत क्रमांक १ घालून खुंट्याची लांबी मोजून लिहिली, आणि खाली त्या चार ओव्या उतरून घेऊन पाचवीसाठी दोन ओळी मोकळ्या सोडिल्या.